बोटाखालची झडप

मायट्रल झडपेची जुनी, बंद हृदयावर होणारी शस्त्रक्रिया शिकवताना मोठी अडचण ही असे, की शिकणाऱ्याला दाखवण्यासारखं त्यात फारसं काही नसे. डाव्या बाजूनं बरगड्यांमधून छाती उघडायची, फुप्फुस मागे सारायचं, फ्रेनिक नस सांभाळून हृदयावरचं आवरण कापायचं, इथवर सगळं डोळ्यांना दिसतं. हृदयाच्या वरच्या डाव्या कप्प्याला बाहेरच्या अंगाला एक लहानसं पोकळ टोक असतं, त्याला आम्ही अपेंडेज म्हणतो. त्याच्याभोवती गोल टाका घालायचा, टोक उघडायचं, आत गुठळी असलीच तर ती बाहेर पडावी म्हणून रक्ताची एक चिळकांडी मुद्दाम उडू द्यायची, आणि मग चालत्या हृदयात उजव्या हाताची तर्जनी सरकवायची. यानंतरचं सारं त्या एका बोटाच्या पेराला कळतं. टेबलाभोवतीची बाकी माणसं वाट पाहतात.

निरोगी माणसात या झडपेचं तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असतं. आमच्याकडे येणाऱ्यांचं ते एकाच्याही आत आलेलं असायचं. त्या फटीत बोट गेलं की पुढचा रक्तप्रवाहच अडतो, म्हणून दोन-तीन ठोक्यांपेक्षा जास्त वेळ तिथं थांबता येत नाही. भूलतज्ज्ञ मोठ्यानं रक्तदाब सांगत असतात. तेवढ्यात झडपेच्या चिकटलेल्या कडा कुठं आहेत, त्या मऊ आहेत की त्यांत कॅल्शियम साचलंय, रक्त उलटं येऊन बोटावर आपटतंय का, हे ओळखायचं. मग हृदयाच्या खालच्या टोकातून टब्ज डायलेटर आत घालायचा, त्याचं तोंड वरच्या बोटाच्या आधारानं झडपेत आणायचं आणि उघडायचं. कडा नीट सुटल्या तर ओल्या शेंगेची शीर फुटावी तसं बोटाला जाणवतं. एकदा जाणवलं की ते विसरत नाही.

मी एम. सीएच. करायला आलो तो ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईत महापालिकेच्या एका रुग्णालयात. पुढं लेक्चरर, असोसिएट, प्रोफेसर असं करत तिथूनच निवृत्त झालो. माझ्या सरांची शिकवण्याची एक रीत होती. ते आधी स्वतःचं बोट आत घालत, बाहेर काढत आणि काही न बोलता मला खूण करत. मी बोट घालायचो. मग ते विचारत, “काय लागलं?”

“पुढची कड चिवट आहे सर, पण सुटेल.”

“मागची?”

इथं मी अडखळलो की म्हणत, “पुन्हा बघ.”

दोघांच्या बोटांचं एकमत झाल्याशिवाय डायलेटर माझ्या हातात येत नसे. मी शिकवायला लागलो तेव्हा हीच रीत धरली, आणि तेव्हा कुठं मला तिच्यातली खरी गोष्ट उमगली. सर माझी परीक्षा घेत होते हे तर होतंच, पण त्याचबरोबर माझ्या सांगण्यावर किती विसंबायचं याचा अंदाजही ते बांधत होते. माझं बोट बाहेर आलं की आत काय चाललंय ते मला दुसऱ्याच्या तोंडूनच कळणार. तो जे सांगतो ते त्याला खरंच लागलंय की मला ऐकायला आवडेल म्हणून सांगतोय, हे ओळखणं शिक्षकाच्या कामाचा मोठा भाग आहे. ज्या मुलानं “सर, मला मागची कड कळली नाही” असं सांगितलं, त्याच्या हाती मी डायलेटर लवकर दिला.

हे रोगी कोण असत ते सांगायला हवं. लहानपणी स्ट्रेप्टोकॉकस जंतूनं घसा दुखतो, घरात कुणी फारसं मनावर घेत नाही. दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि उतरतात. झडपेवर मात्र त्याचा डाग राहतो. दर तीन आठवड्यांनी पेनिसिलिनचं इंजेक्शन घेत राहिलं तर पुढचं नुकसान टळतं. ते इंजेक्शन दुखतं, त्यासाठी मजुरी बुडते, आणि पोरगी तर बरी दिसत असते. श्रीमंत देशांत झडप आवळत जायला दोन-दोन दशकं लागतात, आमच्या ओपीडीत चौदा-पंधरा वर्षांच्या मुली धापा टाकत यायच्या. त्याहून बिकट अवस्था गरोदर बायकांची. गरोदरपणात शरीरातलं रक्त ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं. ते अरुंद झडपेतून पुढं सरकत नाही, मागं फुप्फुसात साचतं. आडवं पडता येत नाही म्हणून रात्र-रात्र उशीला टेकून बसलेली बाई, पाचवा-सहावा महिना, सोबत सासू. या बायकांना ही बंद शस्त्रक्रिया वरदान होती, कारण तिला हार्ट-लंग मशीन, म्हणजे आमच्या बोलीतला पंप, लागत नसे आणि पोटातल्या बाळाला धोका कमी राही. दुसऱ्या दिवशी राऊंडला गेलं की ती बाई पाठ टेकून झोपलेली असायची. वॉर्डातल्या मावशी आम्हाला खुणेनं सांगत, उठवू नका.

नव्या रजिस्ट्रारना मी हेन्री सौटर यांची हकीकत आवर्जून सांगे. या ब्रिटिश शल्यचिकित्सकानं १९२५ साली लंडनमध्ये एका मुलीच्या हृदयात असंच बोट घातलं आणि तिची झडप मोकळी केली. मुलगी बरी होऊन घरी गेली. पण त्यानंतर कुठल्याही फिजिशियननं त्यांच्याकडं असा दुसरा रोगी पाठवला नाही. १९४८ मध्ये अमेरिकेत चार्ल्स बेली आणि ड्वाइट हार्कन यांनी ही वाट पुन्हा उघडली, तोवर तेवीस वर्षं निघून गेली होती. सौटर यांना शस्त्रक्रिया येत होती, पण त्यांच्यापाशी उभं राहून ती कुणी शिकलं नाही. मधल्या काळात जगभर किती तरुण माणसं याच आजारानं गेली असतील, हा विचार मला कायम अस्वस्थ करत आला आहे.

शिकवणाऱ्या सर्जनला एका प्रश्नाला तोंड द्यावंच लागतं. बार्शीकडचे एक गृहस्थ मुलीला घेऊन आले होते. संमतीच्या कागदावर अंगठा उठवण्याआधी ते म्हणाले, “साहेब, तुमी सोता करा. पोरांच्या हाती देऊ नका.” असं म्हणणारे ते एकटे नव्हते. बहुतेक जण मनात म्हणतात, यांनी तोंडानं विचारलं. खासगी रुग्णालयात पैसे मोजणारा माणूस आपला सर्जन निवडतो. महापालिकेच्या रुग्णालयात येणाऱ्याला युनिट मिळतं, आणि युनिटमध्ये शिकणारी मुलं असतात. गरिबाच्या शरीरावर हात साफ करून घ्यायचा आणि मग तो हात दुसरीकडं विकायचा, असा आरोप आमच्या पेशावर होतो. तो मी कधी हसण्यावारी नेला नाही. इथं शिकवलं नाही तर उद्याचे सर्जन येणार कुठून, हे उत्तर खरं असलं तरी ते आमच्या सोयीचं आहे. त्या मुलीच्या बापानं उद्याच्या सर्जनची काळजी का वाहावी? मला पटलेलं उत्तर एकच होतं. शिकणाऱ्याच्या हातानं झालेल्या शस्त्रक्रियेचा निकाल माझ्या हातच्या निकालापेक्षा उणा पडता कामा नये. तो पडणार नाही याची हमी द्यायची तर शिक्षकानं हात धुऊन, गाऊन घालून टेबलाशी उभं राहिलं पाहिजे, केबिनमध्ये बसून चालणार नाही. मी त्या गृहस्थांना म्हणालो, “दोघांचेही हात लागतील. कुठल्या वेळी कुणाचा, ते मी ठरवीन. मी शेवटपर्यंत तिथं असेन.” ते म्हणाले, “मग तुमचं ध्यान असू द्या.” एवढं सांगूनही कुणी नकोच म्हटलं तर मी सगळं स्वतः करायचो आणि रजिस्ट्रार मदतीला राहायचा. रोग्याचा तो हक्क आहे.

बायपाससारख्या शस्त्रक्रियेत सर्जन रोग्याच्या उजव्या अंगाला उभा राहतो, मदतनीस डाव्या. प्रोफेसर झाल्यावर माझी बरीचशी वर्षं डाव्या अंगाला गेली. बाहेरच्यांना वाटतं, वरिष्ठ झाला की माणूस अवघड भाग स्वतः करतो. शिकवणाऱ्या युनिटमध्ये तो जागा बदलतो आणि मदतनीस होतो. नवा मुलगा आधी पायातली शीर काढायला शिकतो. मग छातीचं हाड मधोमध कापणं, छातीच्या भिंतीमागची मॅमरी धमनी सोडवणं, पंपच्या नळ्या बसवणं. मग महाधमनीवरचे वरचे जोड. शेवटी हृदयावरचे जोड, म्हणजे दीड-दोन मिलिमीटरच्या धमनीला केसाहून बारीक प्रोलीनच्या धाग्यानं शिवणं. हे शिवताना महाधमनीला क्लॅम्प लावलेला असतो, पोटॅशियमच्या थंड द्रावणानं हृदय थांबवलेलं असतं आणि हृदयाच्या स्नायूला स्वतःचं रक्त मिळत नसतं. पंप चालवणारा पर्फ्युजनिस्ट मिनिटं सांगतो. शिकणाऱ्याचा प्रत्येक संथ टाका त्या मिनिटांतून वजा होतो. म्हणून कुठल्या रोग्यात काय द्यायचं ते मी आदल्या रात्री ठरवत असे. ज्याचं हृदय भक्कम आहे, ज्याला थोडी जास्त मिनिटं सोसतील, तिथंच मुलाच्या हाती नीडल होल्डर जाई. टेबलावर ऐन वेळी उदार व्हायचं नाही. डाव्या बाजूला उभं राहून धमनीची कड नेमक्या कोनात उघडी धरली, धागा योग्य ताणात ठेवला, तर साधारण हातही चांगला टाका घालतो. मुलाला वाटतं, आज आपला हात लागला. तसं वाटू द्यावं. पुढच्या खेपेला मी धरणं थोडं कमी करायचो.

मी हाताची चपळाई फारशी पाहिली नाही. चपळाई सरावानं येते. टाका मनासारखा बसला नाही हे मुलाला स्वतःहून कळतं का, आणि कळल्यावर तो हात थांबवतो का, इकडं माझं लक्ष असे. नांदेडकडून आलेली एक मुलगी आमच्याकडं रजिस्ट्रार होती. मॅमरीचा जोड अर्धा झाला असताना ती थांबली आणि म्हणाली, “सर, हा टाका मागच्या भिंतीतून गेलाय असं वाटतंय.” मला तसं दिसत नव्हतं. तिनं धागा सैल केला, प्रोब घालून पाहिलं. टाका खरंच मागच्या भिंतीत होता. त्या दिवशी मला तिची काळजी उरली नाही.

नव्वदच्या दशकात मायट्रलची बंद शस्त्रक्रिया आमच्या हातून गेली. जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८४ मध्ये फुग्याची पद्धत प्रसिद्ध केली होती. मांडीच्या शिरेतून नळी हृदयात न्यायची आणि झडपेत फुगा फुगवायचा. छातीला चीर नाही, बरगड्यांचं दुखणं नाही, चार दिवसांच्या आत घर. हृदयरोगतज्ज्ञांनी ती आपल्याकडं झपाट्यानं आत्मसात केली. आमच्या पेशात थोडी कुरकुर झाली, मुलं शिकणार कशावर, असं ज्येष्ठही बोलत. मी योग्य रोगी ओपीडीतून स्वतः चिठ्ठी लिहून कार्डिओलॉजीत पाठवू लागलो. विद्यार्थ्याला दाखवण्यासाठी म्हणून कुणाची छाती उघडायची नसते. माझ्या बोटानं कमावलेलं ज्ञान पुढच्या पिढीला लागणार नव्हतं, याचं वाईट वाटलं, ते मी लपवत नाही. पण गरोदर बाई आता चिरेविना पाठ टेकून झोपत होती.

आमच्या शिक्षकांपैकी काही जण परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या हाताखाली तयार झालेले. बर्नार्ड यांनी डिसेंबर १९६७ मध्ये केपटाउनला पहिलं हृदयप्रत्यारोपण केलं आणि फेब्रुवारी १९६८ मध्ये सेन यांनी केईएममध्ये भारतातलं पहिलं केलं. रोगी काही तासच जगला. मेंदूमृत्यूला मान्यता देणारा कायदा आपल्याकडं त्यानंतर सव्वीस वर्षांनी, १९९४ मध्ये झाला, आणि त्याच वर्षी दिल्लीला एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांचं प्रत्यारोपण यशस्वी झालं. सेन यांच्याबद्दल बोलताना लोक त्या एका दिवसाशी थांबतात. मला त्यामागची वर्षं महत्त्वाची वाटतात, कुत्र्यांवरच्या प्रयोगांत गेलेली. सरपटणाऱ्या प्राण्यांत हृदयाच्या पोकळीतलंच रक्त थेट स्नायूत झिरपतं, या निरीक्षणावरून माणसाच्या हृदयाच्या स्नायूलाही तशा वाटा पाडता येतील का, हा प्रश्न त्यांनी साठच्या दशकात धसाला लावला. पुढं अमेरिकेत लेसरनं तेच करून पाहिलं गेलं. महापालिकेच्या रुग्णालयात, रोग्यांच्या रेट्यात, एवढा दूरचा प्रश्न विचारणारा माणूस होता, हे मला तरुणपणी फार मोलाचं वाटलं.

माझे स्वतःचे प्रश्न इतक्या दूरचे नव्हते. ते ओपीडीच्या रांगेतून आले. झडप बदलताना रोग्याला धातूची झडप बसवली की आयुष्यभर रक्त पातळ ठेवणारी गोळी घ्यावी लागते आणि तिचा डोस रक्त तपासून ठरवावा लागतो. डोस कमी पडला तर झडपेवर गुठळी, जास्त झाला तर रक्तस्राव. डॉ. वलियाथन यांच्या चमूनं तिरुवनंतपुरमच्या श्रीचित्रा संस्थेत बनवलेली झडप डिसेंबर १९९० मध्ये पहिल्यांदा माणसात बसली. आधीचे नमुने चाचण्यांत टिकले नव्हते, तरी ते मागे हटले नाहीत. परदेशी झडपेची किंमत ऐकून परत जाणारी माणसं त्यामुळं टेबलापर्यंत आली, आणि त्यांच्या गोळीचा प्रश्न आमच्यापुढं आला. तालुक्याला तपासणीची सोय नाही, एसटीचं भाडं आणि बुडालेली रोजी मिळून गोळीपेक्षा तपासणीच महाग. मी झडपवाल्यांची वेगळी वही सुरू केली. कोण आलं, कोण आलं नाही, का आलं नाही. न येणाऱ्यांना पोस्टकार्डं, पुढं फोन. त्यातून लेख झाले, परिषदांत वाचले गेले. माझ्या दृष्टीनं संशोधन म्हणजे ही वही. तिच्यातून सर्वांत ठळक पुढं आल्या त्या लग्नाच्या वयाच्या मुली. ही गोळी गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत बाळाला बाधू शकते, आणि बंद केली तर आईची झडप अडकू शकते. मुलीला, तिच्या आईला आणि जमलं तर होणाऱ्या नवऱ्यालाही हे शस्त्रक्रियेआधी नीट समजावून सांगायचं, हा आमच्या युनिटचा नियम त्या वहीनं घालून दिला. बऱ्याचदा झडप बदलण्याऐवजी दुरुस्त करायची मेहनत घेतली ती याच मुलींसाठी.

आणि छाती. आमच्या पदवीच्या नावात हृदय आणि छाती दोन्ही आहेत, पण मुलं येतात ती बायपासचं स्वप्न घेऊन. मला छातीचं काम मनापासून आवडलं. न्यूमोनिया किंवा क्षयानंतर छातीत पू साचतो. सुरुवातीला तो पातळ असतो, नळी घातली की निघतो. नळी उशिरा पडली, किंवा लवकर काढली, तर चार-सहा आठवड्यांत फुप्फुसावर जाड, चिवट थर बसतो आणि फुप्फुस त्यात कोंडलं जातं. असा माणूस महिनोन्महिने बरगडीतल्या नळीला जोडलेली बाटली हातात घेऊन गावोगावच्या दवाखान्यांत फिरतो. अंगावर ताप, घरात वेगळं ताट. डिकॉर्टिकेशन म्हणजे तो थर सोलून काढणं. यात झगमगाट नाही. रक्त पाझरतं, हवा गळते, थराची आणि फुप्फुसाची सीमा धीरानं शोधावी लागते, आणि ती एकदा सापडली की बोटाच्या टोकानंच पुढं जायचं. भूलतज्ज्ञाला म्हणायचं, फुगवा. काळपट, आकसलेलं फुप्फुस गुलाबी होत वर येतं आणि छाती भरतं. बायपासनंतर थांबलेलं हृदय पुन्हा सुरू होतं तेव्हाचा आनंद मी पुष्कळदा अनुभवला आहे. हा आनंद तसूभर कमी नाही.

रिफाम्पिसिन आल्यावर क्षयाची शस्त्रक्रिया संपली असं आम्हाला शिकताना सांगितलं गेलं होतं. औषधांना दाद न देणारा क्षय मुंबईत पसरला आणि नासकं फुप्फुस काढण्याचं काम परत आलं. तोवर ते करणारे जुने हात निवृत्त झाले होते. आम्ही काही जणांनी ते जुन्या पुस्तकांतून आणि जुन्या माणसांना विचारून पुन्हा उभं केलं. सौटर यांची गोष्ट तेव्हा पुन्हा आठवली. एखादं काम गरज संपली म्हणून सोडून दिलं तरी त्यातला हात कुठंतरी जिता ठेवावा लागतो.

आज आमच्या विषयातल्या एम. सीएच.च्या जागा रिकाम्या राहतात. साडेपाच वर्षं एम. बी. बी. एस., तीन वर्षं एम. एस., आणखी तीन वर्षं हे, आणि त्यानंतरही स्वतंत्रपणे उभं राहायला काही वर्षं. मुलं हिशेब करतात, त्यात त्यांची चूक नाही. जी येतात त्यांना आम्ही काय देतो, हा प्रश्न मला जास्त छळतो. काही ठिकाणी तीन वर्षं मुलगा आयसीयू सांभाळतो, केसपेपर लिहितो, परवानग्यांसाठी धावतो आणि टेबलावर फक्त रिट्रॅक्टर धरतो. पदवी मिळते तेव्हा त्याला स्वतःच्या हातानं छाती उघडून बंद करता येत नाही. आमची परीक्षा हे पकडत नाही. लेखी पेपर होतात, रोगी तपासून घेतात, तोंडी होते, लॉगबुकावर सह्या असतात. हात कुणी पाहत नाही.

परीक्षक म्हणून जाई तिथं मी विभागप्रमुखांना विनंती करी, की आदल्या दिवशी उमेदवाराच्या हाती एखादं डिकॉर्टिकेशन किंवा नुसतं छाती उघडणं-मिटणं असेल तर मला त्याच्याशेजारी उभं राहू द्या. मी गुण देणार नाही, बोलणार नाही. काहींनी आनंदानं हो म्हटलं, काहींनी नियम दाखवला. जिथं उभा राहिलो तिथं अर्ध्या तासात कळलं, की या मुलासमोर तीन वर्षं डाव्या अंगाला कुणी उभं राहिलं होतं की नाही. तो निकाल मुलाचा नसतो, विभागाचा असतो, आणि म्हणूनच तो कुणाला लिहून नको असतो. परीक्षकानं टेबलाशी उभं राहण्याचा अर्धा तास नियमात यावा, त्याचे गुण विभागाच्या नावापुढं मांडले जावेत आणि जिथं हात शिकवला जात नाही तिथल्या जागा शिकवणाऱ्या विभागांकडं वळवाव्यात, असं मी विद्यापीठाला लिहून कळवलं आहे. पहिल्या पत्राची पोच आली. दुसऱ्या पत्राबरोबर मी आमच्या युनिटमधल्या मुलांच्या टप्प्यांचे जुने तक्ते जोडले आहेत, कुणाला कुठल्या महिन्यात काय हाती दिलं, त्याचे.